एका होडीत नाही

सुलभाताईंनी मला गाडीतून उतरवलं, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम सव्वा महिना झाला होता. ऑफिसातले आम्ही नऊजण एका रविवारी हेदवीला दशभुज गणपतीच्या दर्शनाला निघालो होतो. दोन गाड्या ठरवल्या होत्या. मी पुढच्या गाडीत खिडकी धरून बसले होते आणि शेजारी सुलभाताई, मांडीवर दोन पिशव्या घेऊन. गाडी सुरू झाली तशा त्या एकदम माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मनीषा, तू उतर. मागच्या गाडीत बस." कारण नाही, काही नाही. मी उतरले. मागच्या गाडीत फराळाच्या डब्यांच्या आणि पाण्याच्या कॅनच्या मधे अंग चोरून बसले आणि आपल्याकडून कोणता अपराध घडला असेल, याचा हेदवी येईपर्यंत विचार करत राहिले.

दर्शन झाल्यावर त्यांनीच मला देवळाबाहेर गाठलं आणि हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"रागावलीस?"

"नाही."

"रागावलीयेस. अगो, मशीनच्या किल्ल्या आपल्या दोघींनाच ठाऊक आहेत ना? गाडीला काही झालं, तर सोमवारी कुलूप कोण उघडणार?"

किल्ल्या म्हणजे पासवर्ड. आमच्या घरी, लांज्याकडे, प्रवासाला निघताना कुणी वाकडं बोललं तर आई त्याला तिथल्या तिथे गप्प करते. आणि ह्या बाई गणपतीच्या दारात उभ्या राहून आमच्या अपघाताची तयारी करत होत्या! मला त्यांचा राग आला. थोडी भीतीही वाटली. पण परत येताना मी आपण होऊन मागच्या गाडीत बसले.

सुलभाताई तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. मूळच्या पूर्णगडच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती आणि मुलांना शिकवायला ठेवलेली पुस्तकं वाचून वाचून त्या स्वतःच सगळं शिकल्या होत्या. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, आणि नजर कायम काहीतरी मोजत असलेली. खोलीत शिरल्या की कुठल्या बाजूला किती माणसं बसलीत हे आधी बघायच्या आणि एका बाकावर चौघं दिसली की दोघांना उठवायच्या. डबा दोन पिशव्यांत असायचा. एकीत पोळी, दुसरीत भात. एक पिशवी रिक्षात राहिली तरी उपास घडू नये म्हणून. घराच्या जादा किल्ल्या दोन वेगवेगळ्या आळ्यांमध्ये ठेवलेल्या होत्या.

त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते. दोघं मुंबईला लेकीकडे जायची ती एकाच गाडीने, पण वेगवेगळ्या बोगीतून. चिपळूणला गाडी थांबली की खाली उतरून प्लॅटफॉर्मवर एकत्र चहा घ्यायची आणि पुन्हा आपापल्या जागी. सर म्हणायचे, "तीस वर्षं संसार केला, पण ही काही माझ्या शेजारी बसली नाही." ताई त्यावर हसत नसत. "लेकीला दोघांतलं एक तरी हवं ना," म्हणायच्या.

आमचं काम काय, हे मी आईला तीनदा समजावलं होतं आणि तिन्ही वेळा तिने नुसती मान हलवली होती. ताईंनी मला जसं समजावलं तसं तिला सांगितलं, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांसाठी आमची कंपनी एक व्यवस्था चालवते. हवामानाचा इशारा आला की तो होडीवाल्यांच्या फोनवर पोचवायचा. शिवाय बर्फ, डिझेल, लिलावाची वेळ असली बारीकसारीक कामं. ह्या प्रत्येक कामाचा प्रोग्रॅम एकेका कंटेनरमध्ये बांधलेला असतो, त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट. असे चाळीस कंटेनर. ते चालतात चार मशीनवर, आणि ही मशीन मुंबईत कुठेतरी एका थंडगार खोलीत आहेत. कुठला कंटेनर कुठल्या मशीनवर बसवायचा, ते ठरवणारा आणखी एक प्रोग्रॅम असतो.

"मशीन म्हणजे होडी," ताई म्हणाल्या होत्या. "कंटेनर म्हणजे खलाशी. आपली भाकरी, पाणी, घोंगडी बरोबर घेऊन येतो, त्यामुळे कुठल्याही होडीत बसवा, त्याचं अडत नाही. आणि बसवतो तो तांडेल, होड्यांचा म्होरक्या. आता तांडेल शहाणा असला तरी त्याला घरातलं काय ठाऊक? ते आपण सांगायचं."

घरातलं म्हणजे हे : इशारा पाठवण्याचं काम सगळ्यात नाजूक, म्हणून त्याचे एकसारखे तीन कंटेनर ठेवलेले. ताई त्यांना 'तिघे भाऊ' म्हणायच्या. तिघांतला एक जागेवर असला तरी काम चालतं. त्यांच्यासाठी ताईंनी तांडेलाला एक नियम घालून दिला होता, की तीन भाऊ तीन वेगळ्या मशीनवर बसले पाहिजेत. पाहिजेतच. हा 'च' त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला होता.

मी नोकरीत रुळले, तशी मला ताईंच्या ह्या काळजीची गंमत वाटू लागली. समीर नावाचा माझ्याच वयाचा सहकारी होता, तो त्यांची नक्कल करायचा. दोन बिस्किटं दोन बशांत ठेवून म्हणायचा, "एका होडीत नाही हां!" मीही हसायचे. ताई बघायच्या आणि त्यांना ते कळायचंही. पण त्या सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी स्क्रीनपाशी जायच्या आणि तिघे भाऊ कुठे आहेत ते बघायच्या, ते काही थांबलं नाही.

नारळी पौर्णिमा होऊन महिना-दीड महिना झाला असेल. पूर्णगडला ताईंच्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांनी चार दिवसांची रजा घेतली. मी आल्यापासूनची त्यांची ही पहिलीच रजा. जाताना म्हणाल्या, "मशीनचं नवं सॉफ्टवेअर चार नंबरवर मी चढवलंय, उरलेल्या तीन मशीनवर चढवायचंय. एकेक मशीन बंद कर, चढव, चालू कर, मग पुढचं. घाई करू नको." मी म्हटलं, "ताई, तुम्ही निर्धास्त जा." त्या निर्धास्त जाणं शक्यच नव्हतं, पण गेल्या.

मी घाई केली. एकेक करत बसले तर दोन दिवस जाणार, म्हणून मी दोन मशीन एकदम बंद केली. मग तिसरं. बिनमहत्त्वाची कामं थोडा वेळ थांबवली आणि उरलेलं सगळं चौथ्या मशीनवर येऊन बसलं. फक्त भावांपैकी दोघे बाहेर लटकले. नियम होता ना, वेगळं मशीन पाहिजेच. आणि मशीन तर एकच उरलं होतं. स्क्रीनवर दोन लाल ठिपके आले. मला लाल ठिपका सहन होत नाही, हा माझा जुना दोष. मी ताईंच्या नियमातलं 'पाहिजेच' पुसून 'शक्यतो' केलं. तिघे भाऊ चौथ्या मशीनवर शेजारी शेजारी बसले आणि सगळं हिरवं झालं.

पुढे तिन्ही मशीन चालू झाली, पण रिकामीच. तांडेल नवा आलेला खलाशी बसवतो. बसलेल्याला उठवून दुसरीकडे नेत नाही. ते आपणच करावं लागतं. मी थांबवलेली कामं सुरू केली, चौथ्यावरचे कंटेनर उठवून उठवून बाकीच्यांवर पाठवले आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक मशीनवर दहा-दहा करून टाकले. भावांना मात्र हात लावला नाही. इशाऱ्याचं नाजूक काम, चालतंय तर कशाला हलवा, असा मी फार जबाबदारीने विचार केला. ताईंचा फोन आला तेव्हा म्हटलं, "झालं सगळं. चारी मशीनवर दहा-दहा, अगदी सारखे." त्या म्हणाल्या, "शाब्बास गो." तो 'शाब्बास' मला अजून टोचतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनच्या सुमाराला हवामानाचा इशारा आला. वारा वाढणार, होड्यांनी किनारा गाठावा. असे इशारे मोसमात येतच असतात. मी तो आलेला पाहिला आणि पुढचं काम भाऊ करतील म्हणून जेवणाचा डबा धुवायला गेले. परत आले तर टेबलावर फोन वाजत होता.

"मनीषा, इशारा आलाय का? इथे आभाळ बरं दिसत नाही, आणि माझ्या फोनला काही नाही."

ताईंनी प्रत्येक यादीत आपला नंबर पहिला घालून ठेवला होता. इशारा सगळ्यात आधी त्यांना जायचा.

"आलाय की, तीन-चार मिनिटं झाली. गेला असेल."

"गेला असेल नको सांगू. गेला की नाही?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. चौथं मशीन काळं पडलं होतं. बाकीची तीन हिरवी, तीस कंटेनर आनंदात चालू. बर्फाचे दर जात होते, लिलावाची वेळ जात होती.

"ताई, चार नंबर पडलंय."

"पडू दे. भाऊ कुठे आहेत?"

"चारवरच," मी म्हटलं.

"तिघंही?"

"तिघंही."

पलीकडे वारा घोंघावत होता. मग त्या म्हणाल्या, आणि ऑफिसात कधी न बोललेल्या बोलीत म्हणाल्या, "बरां. तू तुजं कर. मी माजं करतंय." आणि फोन बंद.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली ते मला सलग आठवत नाही. मशीन मेलंय की नुसतं गप्प आहे, याची खात्री करायला तांडेल पाच मिनिटं थांबतो. तसं ठरलेलंच असतं. मी तेवढं थांबू शकले नाही. हाताने भावांना दुसरीकडे सुरू करायला गेले, एका अक्षराची चूक चार वेळा केली आणि त्या घोळात तांडेलही अडकून बसला. समीरने मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसला. भाऊ नव्या जागी उठले, याद्या वाचू लागले, आणि पहिला इशारा निघाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. खिडकीबाहेरचा नारळ एका अंगाला वाकला होता.

ताई काय करत होत्या ते मला नंतर कळलं. प्रत्येक गावात त्यांनी दोन बायकांकडे होडीवाल्यांच्या नंबरांचा कागद देऊन ठेवला होता. दोघी वेगवेगळ्या वाडीतल्या. आम्ही ह्या कागदांनाही हसलो होतो. ताईंनी पूर्णगडचे फोन स्वतः लावले आणि बाकीच्या गावांत त्या बायकांना उठवलं. आमचा इशारा पोचायच्या आत बहुतेक होड्या माघारी वळल्या होत्या.

बहुतेक. साडेचारला ताईंचा फोन आला. "दिगू नाही आला."

दिगू आणि अनंत हे काकांचे दोन मुलगे. दोघांच्या होड्या वेगळ्या. दिगूचा फोन लागत नव्हता. ओहोटी लागली की पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी लाटा फुटायला लागतात आणि मग छोटी होडी आत घेणं जिवावरचं काम, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. मी शेतातली मुलगी, समुद्राला पाय लावून परत येणारी. त्या दिवशी पहिल्यांदा मला ओहोटी किती वाजता आहे हे शोधावंसं वाटलं. पाचला होती. मी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. तिथून समुद्राची एक पट्टी दिसते, त्या पट्टीकडे बघत राहिले, जणू दिगू तिथूनच येणार होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. दहा-दहा, अगदी सारखे, हे माझेच शब्द माझ्या कानात वाजत होते.

सव्वासहाला फोन आला. "आला गो बाय. दोघं आले." आणि ताई रडायला लागल्या. मीही.

दिगूचा फोन पाण्यात पडला होता. इशारा वेळेवर गेला असता तरी त्याला तो कळला नसता. अनंतला ताईंचा फोन मिळाला तेव्हा तो खाडीच्या तोंडाशी पोचला होता. तो तिथून आपली होडी वळवून दिगूच्या जाळ्याकडे गेला आणि त्याला घेऊन आला. हे कळल्यावर कुणीतरी मला म्हणालं, बघ, म्हणजे तुझ्या चुकीने काही बिघडलं नाही. मला त्याने मुळीच बरं वाटलं नाही. अनंतला आणखी वीस मिनिटं आधी कळलं असतं, तर त्याला तिथून परत फिरावं लागलं नसतं.

सोमवारी ताई आल्या. मी राजीनामा लिहून ठेवला होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली, आणि स्क्रीनपाशी बसून म्हणाल्या, "कसं कसं केलंस ते दाखव." मी सगळं दाखवलं. 'शक्यतो'पाशी आल्यावर त्यांनी 'पाहिजेच' करून टाकलं.

"संख्या सारखी होती, ताई," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

"सारखं म्हणजे डोकी मोजणं नाही. एक बुडाली तर मागे कोण उरतं, ते मोजायचं. आणि लाल दिसलं तर दिसू दे. लाल म्हणजे तांडेल सांगतोय, जागा नाही. त्याचं तोंड कशाला बंद केलंस?"

मग डबा खाताना त्यांनी मला वडलांचं सांगितलं. ताई आठ वर्षांच्या असताना वडील आणि काका एकाच दिवशी समुद्रावर गेले होते, दोन वेगळ्या होड्यांतून. त्यांच्या घरात एका होडीत दोन भाऊ कधी बसत नसत. आजोबांचा तसा दंडक होता. वडलांची होडी आली नाही. काकांची आली.

"बाबा गेला, ते काही टळलं नाही," ताई म्हणाल्या. "पण काका आला. त्याने आमची तिघं आणि त्याची दोघं, पाच पोरं वाढवली. मला कॉलेजात घातलं. दोघं एका होडीत असते तर मी आज गावामागच्या उजाड सड्यावर लाकडं तोडत असते." पोळीचा तुकडा तोंडात घालून पुन्हा म्हणाल्या, "लोक म्हणतात, सुलभा फार घाबरते. घाबरते ना. पण मी बुडू नये म्हणून नाही घाबरत. मागे कुणी उरावं म्हणून घाबरते."

राजीनाम्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

त्यानंतर त्यांना एक नवीच काळजी लागली. त्यांच्या छातीत अधूनमधून दुखायचं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. पण एके दिवशी म्हणाल्या, "सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात आहे. हे बरं नाही." आणि त्या स्वतःला वाटून द्यायला लागल्या. रोज तासभर मला एक काम शिकवायच्या, तासभर समीरला दुसरं. मग पुढच्या आठवड्यात अदलाबदल. गावोगावच्या बायकांची ओळख आम्हा दोघांशी करून दिली. एका शनिवारी मुद्दाम घरी बसल्या आणि फोन बंद ठेवला. आम्ही दिवसभर घाबरेघुबरे, आणि संध्याकाळी त्या विचारतात काय, "काही अडलं?" "नाही." "मग बरं," म्हणाल्या, पण आवाज जरा उतरल्यासारखा वाटला. आपल्यावाचून अडलं नाही हे ऐकायला कुणाला आवडतं?

असं सव्वा वर्ष चाललं. गेल्या मार्च महिन्यात ताई पूर्णगडला माहेरी गेल्या होत्या, आणि गुरुवारी सकाळी चहा करताना ओट्यापाशीच गेल्या.

सरांचा फोन आला तेव्हा नऊ वाजत होते. मी धावत स्क्रीनपाशी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. चारी मशीन हिरवी होती. तिघे भाऊ एक, दोन आणि चारवर. बर्फाचे दर जात होते. कुठे काही बंद पडलं नव्हतं, कुणाचा तक्रारीचा फोन नव्हता, आणि मला त्या हिरव्या ठिपक्यांचा असा राग आला की त्यांच्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. निदान एक तरी लाल व्हायला हवा होता, ताई.

आम्ही दोन गाड्यांनी पूर्णगडला निघालो. रडारडीत कोण कुठे बसलं याचं भान नव्हतं. भाट्याचा पूल ओलांडल्यावर माझं शेजारी लक्ष गेलं, तर समीर. त्याचंही लक्ष माझ्याकडे त्याच वेळी गेलं. त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरला आणि मागून येणाऱ्या गाडीत जाऊन बसला.

ताईंच्या माहेरी अंगणात माणसं जमली होती. काका ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. आता ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांना जाड चष्मा. मी वाकून नमस्कार केला आणि सुलभाताईंच्या ऑफिसातली, असं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही.

"किती जणं आलाव?" त्यांनी विचारलं.

"आठ, काका."

"एका गाडीतनं?"

"नाही. दोन गाड्यांतून आलो."

त्यांनी मान हलवली. "बरां केलात," म्हणाले, आणि मग त्यांना रडू कोसळलं.